सावडीबाहेरचं घर

तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या, शेजारच्या इमारतीवर पाट्या वाहणाऱ्या किंवा तुमच्या द्राक्षबागेत घड विरळणाऱ्या बाईला तुम्ही कधी विचारलं आहे का, की तिच्या स्वतःच्या शेतात या वर्षी काय उभं आहे? काल का आली नाहीस, हे विचारलं असेल. मुलं किती, हेही विचारलं असेल. पण ती बाई कुठल्या तरी भातखाचरातून उठून आली आहे, आणि ती उठल्यावर त्या खाचराचं काहीतरी झालं असणार, हा प्रश्न आपल्या तोंडी येत नाही. माझ्याही तोंडी बरीच वर्षं आला नव्हता. मी तर पेठकडच्या डोंगरातलीच. आमचं खाचर आणि अशाच एका उठून गेलेल्या घराचं खाचर यांच्यात फक्त एक बांध होता.

आमच्या घरात कागद फार. बा आदिवासींच्या संघटनेचं काम करायचा, त्यामुळे गाव त्याला ‘लीडर’ म्हणायचं, काहीजण कौतुकानं आणि काहीजण चिडवायला. नाशिक रोडच्या एका लहानशा छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे एसटीच्या टपावरून यायचे, आणि गठ्ठा सोडला की घरभर शाईचा उग्र वास पसरायचा. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. ‘शोषण’ हा शब्द मला ‘शाळा’च्या आधी वाचता येत होता. कुडाच्या भिंतींना आतून पत्रकंच चिकटवलेली असायची, वारा लागू नये म्हणून. वरईचं बियाणं पत्रकात बांधलेलं, खुरासणीची चटणी पत्रकावर काढलेली, आणि मडक्यावर झाकण म्हणून दुमडलेलं पत्रकच. आई नागलीची भाकर थापताना पुटपुटायची, “तुझ्या बानं लिवलेलं चुलीत बी नीट पेटत नाय. लय शाई.” बा हसायचा. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी जाड अक्षरांत एकच ओळ असायची: अन्याय झाल्यास संपर्क साधा. त्यापुढे बाचा मोबाइल नंबर. तो नंबर आमच्या पाड्यातल्या प्रत्येक पोराला पाठ होता, कारण तो प्रत्येकाच्या भिंतीवर होता.

बांधापलीकडे यमुनाकाकीचं घर. काकी विधवा. तिच्या कमरेत कायमची कळ, त्यामुळे तिला चिखलात वाकता यायचं नाही. तिच्या दोन मुली, मोठी हिरा आणि धाकटी सोनी. सोनी माझ्या वर्गात आणि माझ्या बरोबरीची, म्हणजे आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो आणि एकमेकींच्या नावानं मार खायचो. हिरा तरणी, उंच, आणि पाड्यातली सगळ्यात चपळ आवणीवाली. आवणी म्हणजे भाताची लावणी. चिखल तयार केला की त्याच दिवशी रोप लावावं लागतं, आणि एका घराची माणसं त्याला कधीच पुरत नाहीत. म्हणून आमच्याकडे सावड चालते. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. पैसा नाही, हाताला हात. मोठ्या माणसाचा पूर्ण हात, पोराचा अर्धा. ज्या घरातून जेवढे हात निघतील तेवढीच सावड त्या घराला परत मिळते. हिरा रांगेत असली की बायका तिच्या शेजारची जागा टाळायच्या, कारण ती रोपांची मूठ सोडायची, बोटं चालवायची आणि बाकीच्यांचं अजून पहिलं पाऊल मागं पडायच्या आत तिची ओळ मागच्या बांधाला लागलेली असायची. “सावकाश कर गं, आमाला बी लाज हाय,” असं आई तिला ओरडायची. हिरा मागं न बघता म्हणायची, “मंग गाणं म्हणा मावशी, हात मी चालवते.”

दिवाळीनंतर पाड्यातली बरीच माणसं द्राक्षांच्या कामाला पिंपळगावकडे जायची. हिराही जायची. तिथं मजुरांच्या टोळीला जेवण करून घालणारी एक बाई होती, रेखामावशी. गोड बोलणारी, तोंडात कायम बडीशेप. कुणाचं पोर आजारी पडलं तर स्वतः दवाखान्यात नेणारी. एका उन्हाळ्यात ती आमच्या पाड्यावर हिरासाठी स्थळ घेऊन आली. मुलगा गुजरातच्याही पलीकडचा, घरी कापूस, गहू, म्हशी. त्यांच्याकडे मुलींची संख्या कमी, म्हणून एवढ्या लांब मुलगी शोधतायत. मांडवाचा सगळा खर्च मुलाकडचे करणार आणि वर देज देणार.

इथं थांबून सांगायला हवं. आमच्यात हुंडा नाही. मुलाकडचे मुलीच्या घराला देज देतात, कारण त्या घरातला एक कामाचा हात ते नेत असतात. याचा बाला फार अभिमान होता. त्यानं त्यावर एक पत्रक काढलेलं होतं, मला ते तोंडपाठ होतं. खालच्या, सपाटीवरच्या शिकलेल्या लोकांत मुलगी ओझं, आमच्यात मुलीला मोल. त्यामुळे रेखामावशीनं देजाचं नाव काढल्यावर पाड्यात कुणालाच वेगळं वाटलं नाही. उलट, इतक्या लांबची माणसं आपली रीत पाळतायत म्हणून म्हाताऱ्यांना बरं वाटलं. मुलाचं गाव बघायला कुणी गेलं नाही. एसटीनं जाऊन होणारं ते अंतरच नव्हतं.

लग्न वैशाखात झालं. संबळ होता आणि बेंजोही होता. बकरं कापलं होतं, वर तांदळाचा भात, तोही प्रत्येकाला पोटभर. मी आणि सोनी पाय दुखेपर्यंत नाचलो. नवरा मुलगा गप्प होता आणि वयानं जरा मोठा दिसत होता, पण त्याच्या डोक्याला एवढा मोठा फेटा होता की चेहरा नीट कळतच नव्हता. जेवणं उरकल्यावर लोकांनी बाला उभं केलं. बा माइक हातात घेऊन बोलला. देजाच्या रीतीवर बोलला, हुंड्यावर तुटून पडला, या पाहुण्यांचा आदर्श सगळ्यांनी घ्यावा म्हणाला. रेखामावशी समोर उभी राहून मोबाइलवर सगळं भाषण टिपत होती आणि माना डोलवत होती. मला त्या वेळी वाटलं होतं की माझ्या बाएवढा मोठा माणूस साऱ्या जिल्ह्यात नसेल. हे वाक्य लिहिताना आज माझे कान गरम होतात.

पहिला पाऊस अजून व्हायचा होता. आमच्या पाड्यात मोबाइलला रेंज नव्हती, ती टेकाडावरच्या एका सपाट दगडावर उभं राहिलं तर मिळायची. बा संध्याकाळी तिथं जाऊन बसायचा आणि मी सोबत. एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बानं कानाला लावला आणि नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाला, “बोला, संघटना.” मग तो वाकून ऐकू लागला. मी कान जवळ नेला. हिरा होती.

“काका, आईला सांगा. इथं लगीन नाय. मला इकत आणलीय म्हणतात. शेतात राबवतात, घरात... घरात एकच नवरा नाय, काका.” मागं म्हैस ओरडत होती. “गावाचं नाव मला वाचता येत नाय, अक्षरं येगळी हायेत. तुमचा नंबर तेवढा पाठ होता.”

फोन तुटला. बानं परत लावला तर एक पुरुष हिंदीत शिव्या देऊन गेला, आणि त्यानंतर तो नंबर बंदच लागला. मी म्हटलं, “बा, पोलिसांत जायचं ना?” तो म्हणाला, “मोर्चा होऊ दे.” वनजमिनीसाठी नाशिकला मोर्चा निघायचा होता, गठ्ठे घरी येऊन पडले होते. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो जे बोलला त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त वाईट होतं. “गेलो तर पहिलं विचारतील, देज कुणी घेतलं. मग विचारतील, मांडवात कोण जेवलं. मग विचारतील, भाषण कुणी केलं.”

यमुनाकाकीला त्यानं घरी बोलावून सांगितलं, ते मात्र दुसऱ्या सकाळीच सांगितलं. काकी आमच्या ओट्यावर बसली होती. ती रडली नाही. तिनं भिंतीवरच्या पत्रकाकडे बोट केलं आणि विचारलं, “हा नंबर कशापायी छापता मंग?” बा म्हणाला, “वैनी, मोर्चा झाला की मी स्वतः येतो तुमच्यासंगं.” मोर्चा झाला. त्यानंतर पेरण्या आल्या. त्यानंतर आणखी काहीतरी आलं. आणि तोवर हिराची गोष्ट पाड्यात फुटली होती.

गोष्ट फुटल्यावर काय व्हायला हवं होतं, हे मला पत्रकांवरून पक्कं ठाऊक होतं. गाव पेटून उठतं. आमचं गाव पेटून उठलं नाही, ते अवघडलं. प्रत्येक घरानं ते बकरं खाल्लं होतं. हिरा विकली गेली असं म्हटलं, तर मग आपण कशाचं जेवलो, हा प्रश्न यायचा. तो प्रश्न कुणालाच नको होता, म्हणून त्याचा रोख हळूहळू काकीच्या दाराकडे वळला. तिनंच पोरगी लांब दिली. तिनंच देज घेतलं. पाणवठ्यावर बायका तिला बघून बोलणं बदलू लागल्या. सोनीला शाळेत पोरं ‘देजवाली’ म्हणू लागली, आणि तिच्या वेण्या मी घालतच राहिले एवढंच मला माझ्याविषयी बरं सांगता येईल.

आषाढाच्या तोंडावर सावडीची बैठक आमच्या अंगणात बसली. कुणाचं खाचर आधी, कुणाचं नंतर, हे तिथं ठरायचं. बैठक चालवायचे धर्माबाबा, पाड्यातले वडीलधारे. आईनं कोरा चहा केला होता. एकेक घराचं नाव येत गेलं, हात सांगितले गेले. यमुनाकाकीचं नाव आलं.

“हात कोण?” धर्माबाबांनी विचारलं.

“सोनी,” काकी म्हणाली.

“सोनी अर्धा.”

“मी बी येते.”

“तू वाकशील का, यमुने? खोटं नको बोलू, पाऊस ऐकतोय.” काहीजण हसले.

मागून एक तरणा म्हणाला, “देज मिळालंय ना, मजूर लावा की. पिंपळगाववाले बी मजूरच लावतात.” यावर मोठा हशा झाला.

आई चहाचं भांडं तसंच धरून उभी होती. ती म्हणाली, “हिरा दर साली सगळ्यांच्या खाचरात उतरली. सगळ्यांच्या आधी उतरली. ते कुठं गेलं?”

“त्याची सावड तवाच फिटली, पोरी,” धर्माबाबा शांतपणे म्हणाले. ते दुष्ट नव्हते. ही रीत त्यांनी केलेली नव्हती, त्यांना ती मिळाली होती. “अर्ध्या हाताला पुरी सावड दिली, तर उद्या धा घरं अर्धे हात धाडतील. लीडर, तुम्ही सांगा. चूक बोलतो का?”

सगळे बाच्या तोंडाकडे बघू लागले. मीही बघत होते. रीत माणसासाठी असते की माणूस रीतीसाठी, यावर बा तासभर बोलू शकला असता. तशी पत्रकं आमच्या भिंतीला होती, त्याच्या पाठीमागेच होती. काकी त्याच्याकडे बघत नव्हती, ती जमिनीकडे बघत होती. त्या वर्षी तिचं खाचर लागलं नाही तर दिवाळीनंतर घरात दाणा नसणार होता, आणि मग सोनीचं नाव शाळेतून काढून मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या टेम्पोत बसणं एवढंच उरणार होतं. हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. बा म्हणाला, “नियम सगळ्यांना सारखा.”

आईनं चहाचं भांडं खाली ठेवलं. त्या दिवशी बाला तिनं चहा दिला नाही.

आवणी सुरू झाली. घोंगडी आणि प्लास्टिकचे कागद पांघरून रांग उतरायची, गाणं सुरू व्हायचं, दुपारी बांधावर भाकरी आणि खेकड्यांचं कालवण. त्या जेवणाची चव माझ्या तोंडात अजून आहे आणि मला ती आवडत होती, हेही मला खपत नाही. बांधापलीकडे काकी आणि सोनी दोघीच. काकी गुडघ्यांवर बसून, सरपटत रोप लावायची. त्यांचा चिखल संध्याकाळपर्यंत घट्ट व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुडवावा लागायचा. वाफ्यातलं त्यांचं रोप पिवळं पडत, उंच होत चाललं होतं. एका दुपारी आमच्याच खाचरात रांग असताना आई अर्ध्यावर सरळ उभी राहिली. हातातली रोपांची मूठ घेऊन ती बांध ओलांडून पलीकडे गेली आणि काकीच्या शेजारी वाकली. रांगेतलं गाणं थांबलं. मीही निघाले, तर बानं हाक मारली, “सावड मोडू नको.” मी थांबले. मग पाऊस वाढला, आणि कुणीतरी गाणं पुन्हा उचललं.

आई रोज आमचं काम संपवून तिकडे जायची. तिघींनी मिळून एक कोपरा लावला. बाकीचं रोप तोवर जून होऊन त्याला कांडं आलं होतं. कांडं आलेलं रोप लावलं तरी फुटत नाही. ते काकीनं उपटून बैलांना घातलं. उरलेल्या खाचरात पाणी साचलं, मग त्यावर गवत आलं.

दिवाळी झाली आणि मुकादमाचा टेम्पो आला. पुढच्या सीटवर रेखामावशी बसली होती. मी धावत घरी सांगायला गेले तेव्हा मला खरंच वाटलं होतं की आता गाव तिला खाली ओढेल. माणसं जमली, पण कडेलाच उभी राहिली. काकी आणि सोनी बोचकं घेऊन टेम्पोपाशी होत्या. आणखी काही घरंही निघाली होती. बा पुढं झाला. “खाली उतर. हिरा कुठं हाय? आधी सांग, मग गाडी हलेल.”

रेखामावशीनं बडीशेप तोंडात टाकली. “हिरा सुखात हाय, भाऊ. नवऱ्याघरी पोरी रडतातच की सुरुवातीला.” मग ती मोबाइल काढून हसली. “तुमचं ते भाषण लय उपयोगी पडलं बघा. प्रत्येक पाड्यावर दाखवते मी. लोक म्हणतात, लीडर बोलतोय म्हंजे खरं असणार.”

तिनं ते लावलं. माइकवरचा बाचा आवाज, मागं बेंजो. खालच्या लोकांत मुलगी ओझं, आमच्यात मुलीला मोल. कडेला एका क्षणी मी आणि सोनी दिसलो, नाचताना.

बा टेम्पोसमोर आडवा उभा राहिला. त्याला बाजूला केलं ते यमुनाकाकीनं. “लीडर, सरका,” ती म्हणाली. “या बाईला मी वळखते. पण खाचर पड हाय माझं. पोरीला काय खाऊ घालू, तुमचे कागद?” तिनं सोनीला टेम्पोत आतल्या बाजूला, फळीकडे बसवलं आणि स्वतः कडेला बसली, जणू कुणी हात घातला तर आधी तिला धरावं लागेल. टेम्पो गेला. सोनीनं हात हलवला नाही.

दुसऱ्या सकाळी बा पोलिसांत गेला. लग्नात भाषण करणारा म्हणून स्वतःचं नाव त्यानं आधी सांगितलं. रेखामावशी त्या हंगामात पकडली गेली, पण तिलाही पुढच्या माणसाचं नाव तेवढं माहीत होतं, गावाचं नाही. हिराचा पत्ता आजवर लागलेला नाही. बानं नंतर पत्रक लिहिलं नाही. पुढच्या आषाढात आई बैठकीत म्हणाली, “पहिलं खाचर यमुनेचं,” आणि कुणी विरोध केला नाही, कारण द्राक्षांचा हंगाम संपूनही यमुना परतली नव्हती. टेम्पोत गेलेल्या इतर घरांचे हातही कमी झाले होते. रांग आखूड झाली. आखूड रांगेला सगळी खाचरं पुरी होईनात, मग आणखी घरं उठली. आज उतारावर उभं राहिलं तर बांध ओळखू येतात, पण दोन बांधांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी गवतच असतं. माणसं विकणारे फक्त माणूस नेतात, असं आम्हाला वाटलं होतं.

मी आता नाशिक रोडला राहते आणि मीही पत्रकं लिहिते. तळाशी माझा नंबर असतो आणि तो वाजला की मी सगळ्यात आधी गावाचं नाव विचारते. मागच्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीत गटाराचं काम निघालं होतं. एकलहऱ्याकडे राहणारी मजुरांची टोळी होती. फावडं टेकवून एक बाई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “लीडरची पोर ना तू?” सोनी होती. काकी गेल्याचं तिनं सांगितलं. मी तिला चहाला वर बोलावलं. ती जिन्यातच बसली, पाय चिखलाचे आहेत म्हणाली. चहा संपेपर्यंत हिराचं नाव तिनं काढलं नाही आणि मीही काढलं नाही. मग तिनं विचारलं, “आमच्या खाचरात काय हाय गं आता?”

“गवत.”

“आणि तो कोपरा? तुझ्या आईनं लावला तो?”

“तिथं बी गवतच.”

“हां,” ती म्हणाली, आणि कप पायरीवर अलगद ठेवून उठली.

तिनं मला विचारलं, मी तिला विचारायला हवं होतं. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. उद्या ती बाई तुमच्या दाराशी, बागेत किंवा गल्लीत येईल, तेव्हा तिला बसायला सांगा आणि विचारा, तुझ्या शेतात या वर्षी काय उभं आहे. पड आहे म्हणाली, तर तिथं थांबू नका. त्या घरातून पहिली कोण गेली, कुणासोबत गेली, तिचा शेवटचा फोन कधी आला, हे विचारा. आणि ते ऐकून झालं की चप्पल घाला आणि तिच्याबरोबर पोलीस चौकीत जा. त्याच दिवशी जा. मोर्चा होऊ दे, असं म्हणू नका.